समाजमाध्यमे व सामूहिक हिंसा

समाजमाध्यमे व सामूहिक हिंसा : जमावाने एकत्र येऊन व्यक्तीवर वा विशिष्ट समूहावर केलेले प्राणघातक हल्ले आणि फेसबुक, व्हॉट्‌सॲप, यूट्यूब इ. माध्यमांतून पसरणारा मजकूर यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न. महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला, तो धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे १ जुलै २०१८ रोजी घडलेल्या हत्याकांडामुळे. मुले पळविणारी टोळी समजून जमावाने तेथे ज्या पाच जणांना ठार केले, ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे भिक्षेकरी होते व त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातील रहिवासी होते. त्यापूर्वी व त्यानंतरही राज्यात या प्रकारच्या घटना घडल्या. त्या सर्वांत माध्यमाचा वाटा सारखाच होता, असे मात्र दिसत नाही. माध्यमामुळे हिंसा घडते, की अगोदरच असलेल्या संशयाला व द्वेषाला माध्यम केवळ वाट करून देते, हा या विषयातील मुख्य वाद होय.

अफवेतून उद्‌भवणारी हिंसा समाजमाध्यमांपेक्षा कितीतरी जुनी आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढले जाते, अशी वदंता शहरात पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सु. एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पूल किंवा धरण बांधताना पायात लहान मुलाचा बळी द्यावा लागतो व त्यासाठी मुले पळविली जातात, ही समजूतही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मूत्रपिंडासारख्या अवयवांच्या विक्रीसाठी मुले पळवितात, ही २०१८ मधील अफवा म्हणजे मोमियाईच्या कल्पनेचेच नवे रूप होते. तेलाच्या जागी अवयव आले. परका माणूस मुलाच्या देहाचा व्यापार करतो, ही भीती तशीच राहिली.

अफवेच्या वेगाचे श्रेयही सर्वस्वी नव्या माध्यमांना देता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता मुख्यतः दूरध्वनीवरून एका दिवसात देशभर व परदेशांतील भारतीयांपर्यंत पोहोचली. मंदिरांसमोर रांगा लागल्या. परंतु कोणाला इजा झाली नाही, कारण त्या वार्तेत कोणावर रोष धरण्याजोगे काही नव्हते. अफवा किती लवकर पसरते, यापेक्षा ती कोणाकडे बोट दाखविते, हे हिंसेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते.

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. जुलै २०१२ मध्ये आसामातील कोक्राझार भागात दंगली झाल्या. त्यांचे व म्यानमारमधील हिंसाचाराचे म्हणून फेरफार केलेली छायाचित्रे सर्वत्र फिरू लागली. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर याच विषयावर भरलेल्या निषेधसभेला हिंसक वळण लागून दोघांचा मृत्यू झाला. त्याच आठवड्यात पुणे, बंगळूर, चेन्नई इ. शहरांतील ईशान्य भारतीयांना हल्ल्यांच्या धमक्यांचे लघुसंदेश आल्याच्या वार्ता पसरल्या आणि हजारो लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. केंद्र शासनाने १७ ऑगस्टपासून पंधरा दिवस एका वेळी पाचांहून अधिक जणांना लघुसंदेश पाठविण्यास मनाई केली. सहा वर्षांनी व्हॉट्‌सॲपनेही भारतात संदेश पुढे पाठविण्यावर घातलेली मर्यादा योगायोगाने पाचचीच होती.

समाजमाध्यमांवरील मजकुरामुळे घडलेल्या हिंसेचे महाराष्ट्रातील एक प्रारंभीचे उदाहरण पुण्याचे आहे. मे २०१४ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर प्रसृत झाली. पुणे व अन्य शहरांत दगडफेक आणि जाळपोळ झाली. २ जून २०१४ रोजी रात्री हडपसर येथे मूळच्या सोलापूरच्या एका तरुण मुसलमान संगणक अभियंत्याला जमावाने मारहाण करून ठार केले. फेसबुकवरील चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पेहरावावरून व दाढीवरून त्याचा धर्म ओळखता आला, एवढेच कारण हल्ल्याला पुरले. या खटल्यातील तिघा आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये जी कारणमीमांसा केली, ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अमान्य करून जामिनाचा आदेश रद्द केला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथील सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

यानंतरच्या दोनतीन वर्षांत माध्यमाचे स्वरूप पालटले. फेसबुकवरील मजकूर निदान उघड असतो. व्हॉट्‌सॲपवरील संदेश गटापुरता असतो. एप्रिल २०१६ पासून तो पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणासही, खुद्द कंपनीसही, वाचता येणार नाही अशी सांकेतिक व्यवस्था लागू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि चित्रफीत पाहणे व पाठविणे खेड्यातील मजुरालाही परवडू लागले. फेब्रुवारी २०१७ च्या सुमारास भारतातील व्हॉट्‌सॲपधारकांची संख्या २० कोटींच्या वर गेली होती. एका गटात त्या वेळी २५६ सभासद घेता येत. गावातील भावकी, तरुण मंडळ, शाळेतील जुने सोबती, दूध संस्थेचे सभासद अशा गटांतून येणारा संदेश हा ओळखीच्या माणसाकडून आलेला असे. वृत्तपत्रातील बातमीला संपादक व मुद्रक जबाबदार असतो. पारावरच्या बातमीला निदान सांगणारा असतो व त्याची पत गावाला ठाऊक असते. गटातील संदेशाला पुढे पाठविणारा तेवढा असतो. मूळ सांगणारा नसतो. मात्र पाठविणाऱ्याची पत त्या संदेशाला आपोआप लाभते.

मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवेने मे २०१७ मध्ये झारखंडच्या सिंहभूम भागात सात जणांचा बळी घेतला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ती जवळजवळ देशभर पसरली. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे लोकशिक्षणासाठी तयार केलेली होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, क्षणात परत आणून सोडतात व मुलांची काळजी घेण्याचा संदेश देणारा फलक दाखवितात, असे तिचे मूळ स्वरूप होते. फलकाचा भाग कापून टाकल्यावर उरले ते निव्वळ अपहरण. सिरियातील घौटा येथे २०१३ मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या बालकांची चित्रेही अवयव काढून टाकलेल्या मुलांची म्हणून पाठविली जात होती. या चित्रांना स्थानिक भाषेतील मजकूर किंवा ध्वनिमुद्रित आवाज जोडून जवळच्या तालुक्याचे नाव घातले की ती त्या जिल्ह्याची बातमी होई. आसामातील कार्बी आंगलाँगमध्ये ८ जून २०१८ रोजी गुवाहाटीचे दोन तरुण मारले गेले. त्रिपुरात २८ जून रोजी, अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी शासनाने नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार केले. महाराष्ट्राच्या सीमेलगत बीदर जिल्ह्यात मुर्की येथे १३ जुलै रोजी हैदराबादचा एक अभियंता याच संशयावरून मारला गेला. महाराष्ट्रातही वैजापूर तालुक्यात जूनमध्ये चोर समजून दोघांचा बळी घेतला गेला होता.

राईनपाडा हे साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस होता. पिंपळनेर परिसरात पाल ठोकून राहिलेल्या डवरी गोसाव्यांपैकी पाच जण सकाळी एस. टी. ने गावात उतरले. त्यांच्यातील एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचे पाहून बाजारकरूंना संशय आला. गेले काही दिवस भ्रमणध्वनीवर जे येत होते, तेच डोळ्यांसमोर घडत आहे असे वाटून जमाव गोळा झाला. पाचही जणांना मारीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले व तेथे कोंडून काठ्या, दगड व हाती येईल त्या वस्तूने ठार करण्यात आले. मदतीस आलेल्या पोलिसांवरही जमाव धावून गेला. जमावातील काहींनी या मारहाणीच्या चित्रफिती काढल्या. त्या त्याच दिवशी सर्वत्र प्रसृत झाल्या व पुढे आरोपी ओळखण्यासाठी पोलिसांना त्यांचाच उपयोग झाला. वीसहून अधिक जणांना अटक झाली. अटकेच्या भीतीने गावातील पुरुष परागंदा झाले व काही काळ राईनपाड्याची घरे ओस पडली.

ही घटना समजून घेण्यासाठी मारले गेलेले लोक कोण होते, हे पाहणे आवश्यक आहे. नाथपंथी डवरी गोसावी ही भराडी समूहातील एक जमात. डौर या डमरूसारख्या वाद्यावरून तिचे नाव पडले आहे. डौर वाजवून देवादिकांची गाणी म्हणणे व दारोदार भिक्षा मागणे हा तिचा परंपरागत व्यवसाय. महाराष्ट्र शासनाच्या सूचीत तिचा समावेश भटक्या जमातींत होतो. पूर्वी जी गुन्हेगार म्हणून नोंदली गेली व आता विमुक्त म्हणून ओळखली जातात, त्या जमातींचा वर्ग वेगळा आहे. मात्र गावकऱ्याच्या नजरेत हा भेद फारसा टिकत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती अधिनियम १९११ मध्ये सुधारून मुंबई इलाख्यासही लावण्यात आला आणि या जमातींसाठी काटेरी तारांच्या कुंपणातील वसाहती स्थापन झाल्या. सोलापूरची वसाहत ही त्यांतील एक मोठी वसाहत होती. त्या परिसराला शहरात अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वतंत्र भारतात हा अधिनियम ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; पण पाल ठोकणारा माणूस दिसला की गावात चोरी होणार, हा समज कायद्याने निघून जाणारा नव्हता. लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) या आत्मकथनांतून तो मराठी वाचकांना परिचित झाला आहे. पूर्वी भटक्यांची टोळी गावात आली की पोलीस पाटलाकडे वर्दी देई. ही पद्धत अपमानास्पद खरी, पण तिच्यामुळे कोण आले आहे हे गावातील एका तरी माणसाला माहीत असे. पद्धत मोडली आणि तिच्या जागी परक्याची ओळख पटविणारे दुसरे काही आले नाही.

सोलापूर जिल्ह्याचे या संदर्भातील स्थान दुहेरी आहे. जिल्ह्याच्या वायव्येस माळशिरस तालुका नीरेच्या कालव्याखालचा. त्यातील श्रीपूर येथे बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला. अशा कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात बीड व अन्य अवर्षणग्रस्त भागांतून ऊसतोड मजूर बैलगाड्या व बिऱ्हाडे घेऊन येतात आणि उसाच्या फडाशेजारी खोपट्या घालतात. हे मजूरही परकेच. पण त्यांचे येणे अपेक्षित असते, मुकादम त्यांना ओळखतो आणि त्यांच्या श्रमाची गावाला गरज असते. उलट, दक्षिणेकडील मंगळवेढे तालुका ज्वारीसाठी व दुष्काळात सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांच्या कथेसाठी प्रसिद्ध; तेथून माणसे पोटासाठी बाहेर पडतात. डवरी गोसाव्याला मुकादम नसतो. त्याचे काम भिक्षा हेच असल्याने तो कोठेही अपेक्षित नसतो. राईनपाड्याच्या परिसरातील आदिवासीदेखील ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, म्हणजे वर्षातील काही महिने तेही परमुलखातच असतात. मारणारे व मारले गेलेले यांच्या आर्थिक स्थितीत फारसे अंतर नव्हते, ही बाब या प्रकरणाच्या चर्चेत बहुधा दुर्लक्षिली गेली.

अफवेच्या मजकुरातील एक तपशील येथे विचारात घ्यावा लागतो. टोळीतील माणसे भिकारी, साधू, फकीर यांच्या वेषात येतात, असे हे संदेश सांगत. या एका वाक्याने खऱ्या भिक्षेकऱ्याचा बचावच हिरावून घेतला. त्याचा फाटका वेष, त्याची झोळी, त्याची परकी बोली हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. ओळखपत्र दाखविले तर ते बनावट ठरविता येई. तोंडी अफवेतही वेषांतराची कल्पना असे. तथापि चित्रफितीने तिला पाहिल्याची खात्री दिली आणि ही खात्री बाजारातील शेकडो माणसांना एकाच वेळी असल्यामुळे शंका घेणारा एकटा पडला.

तरीही तोच संदेश सर्वत्र सारखाच परिणाम घडवितो, असे नाही. राईनपाड्याच्याच रात्री नासिक जिल्ह्यातील मालेगाव येथे एका लहान मुलासह पाच जणांवर याच संशयावरून मोठा जमाव चालून गेला. तेथे पोलिसांच्या वाहनाची नासधूस झाली. परंतु काही रहिवासी व पोलीस यांच्या प्रयत्नांमुळे पाचही जण वाचले. दंगलींचा दीर्घ अनुभव असलेल्या या शहरात पोलीस हाकेच्या अंतरावर होते आणि जमावाला आवर घालू पाहणारी माणसेही होती. राईनपाड्यास पोलीस पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला होता.

पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री जूना आखाड्याचे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तीही अशाच वातावरणात. करोना साथीची टाळेबंदी चालू होती. चोर, मुले पळविणारे व अवयव काढणारे रात्री फिरतात अशा संदेशांमुळे गावोगावी पहारे बसले होते. मुंबईहून अंत्यविधीसाठी सुरतेकडे आडमार्गाने निघालेले हे वाहन जमावाने अडविले व पोलिसांच्या देखत तिघांना ठार केले. शंभरहून अधिक जणांना अटक झाली. हत्येनंतर समाजमाध्यमांनी दुसऱ्यांदा काम केले : हल्लेखोर मुसलमान होते, असा प्रचार चित्रफितींसह देशभर सुरू झाला. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगावे लागले. पहिल्या अफवेने तिघांचे प्राण गेले. त्या प्राणहानीलाच दुसऱ्या अफवेने भांडवल केले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा येथे उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळविणारे समजून मारहाण झाली. सुदैवाने ते बचावले.

राईनपाडा, गडचिंचले व लवंगा येथील हिंसेहून हडपसरसारख्या घटनांचा प्रकार वेगळा मानावा लागतो. पहिल्या प्रकारात भीती असते व बळी पडणारा अनोळखी असतो. दुसऱ्यात अस्मितेचा अवमान झाल्याची भावना असते आणि बळी पडणारा धर्मावरून निवडला जातो. पहिल्यात जमाव उत्स्फूर्तपणे जमतो. दुसऱ्यात संघटनांची हाक, बंद व मोर्चा यांचा भाग मोठा असतो. कोल्हापुरात औरंगजेब व टिपू सुलतान यांच्यासंबंधी आक्षेपार्ह मानल्या गेलेल्या व्हॉट्‌सॲप स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी पुकारलेल्या बंदच्या वेळी दगडफेक झाली. सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी (ता. खटाव) येथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन प्रार्थनास्थळावर हल्ला झाला व एका मुसलमान तरुणाचा मृत्यू झाला. अशा घटनांत मजकूर हे निमित्त असते. एका अल्पवयीन मुलाने रात्री लावलेले चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी शहर बंद करू शकते, ते त्या चित्राच्या सामर्थ्याने नव्हे. ते शोधून, टिपून, योग्य त्या गटांत पोहोचविणारी यंत्रणा अगोदरच सिद्ध असते.

माध्यम व हत्याकांड यांच्या संबंधाविषयीचा वाद समाजमाध्यमांच्या आधीपासून चालत आलेला आहे. र्‌वांडात १९९४ मध्ये झालेल्या वंशसंहारात आरटीएलएम या नभोवाणी केंद्राने तुत्सी जमातीविरुद्ध चिथावणी दिली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्याच्या चालकांना दोषी ठरविले. डाव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने, हिंसेतील सु. दहा टक्के सहभाग या प्रक्षेपणामुळे घडला, असा अंदाज केला. तर स्कॉट स्ट्रॉस या राज्यशास्त्रज्ञाच्या मते बहुतेक हल्लेखोरांना स्थानिक पुढाऱ्यांनी व शेजाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटून ओढले होते व नभोवाणीचा प्रभाव मर्यादित होता. म्यानमारमध्ये ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये तेथील द्वेषप्रसारातील फेसबुकच्या भूमिकेवर ठपका ठेवला. श्रीलंकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये मुसलमान उपाहारगृहांत अन्नातून वंध्यत्वाच्या गोळ्या देतात, या अफवेने हल्ले सुरू झाले. मार्चमध्ये कँडी भागात दंगली उसळल्यावर शासनाने आणीबाणी पुकारून फेसबुक व व्हॉट्‌सॲप काही दिवस बंद ठेवले.

भारतातील परिस्थितीचा अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी व राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत केला (२०१९). अडाणी वा तंत्राशी अपरिचित माणसे फसून संदेश पुढे पाठवितात, ही रूढ समजूत त्यांना पटली नाही. दलित, मुसलमान, आदिवासी इ. समूहांविषयीचा पूर्वग्रह हेच असे संदेश खरे मानण्याचे व पुढे पाठविण्याचे प्रमुख कारण असल्याचे त्यांनी दाखविले. जर्मनीत कार्स्टेन म्यूलर व कार्लो श्वार्त्स यांनी मात्र फेसबुकचा वापर अधिक असलेल्या नगरांत निर्वासितांवरील हल्ले अधिक होतात व सेवा खंडित झाली की हा संबंध ओसरतो, असा निष्कर्ष काढला. ही दोन मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. संशय कोणावर घ्यायचा, हे पूर्वग्रह ठरवितो. तो एकाच दिवशी एकाच बाजारातील सर्वांच्या मनात जागा व्हावा, ही करामत माध्यमाची. राईनपाड्यास भिक्षेकरी पूर्वीही येत असत व त्यांच्याविषयीची अढीही जुनीच होती. परंतु तिचे पर्यवसान हत्येत होत नव्हते. त्यामुळे माध्यमाला सर्वस्वी निर्दोष ठरविणे जसे चूक, तसेच सर्व दोष त्याच्या माथी मारून समाजाने मोकळे होणेही चूक ठरते.

राईनपाड्यानंतर शासनाने व कंपनीने योजलेले उपाय मुख्यतः माध्यमापुरते होते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्‌सॲपने भारतीय वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या, पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण घातली आणि एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्याची सोय काढून घेतली. जानेवारी २०१९ पासून ही मर्यादा जगभर लागू झाली व एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार संदेशाच्या मूळ कर्त्याचा माग देण्याचे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले. त्यामुळे सर्वांचीच गोपनीयता संपेल, अशा युक्तिवादाने व्हॉट्‌सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रशासनाचा सर्वांत आवडता उपाय म्हणजे इंटरनेट बंद करणे. कोल्हापूर व पुसेसावळी या दोन्ही प्रसंगी तो योजला गेला. यान रिझाक या अभ्यासकाने भारतातील अशा बंदीच्या प्रसंगांची छाननी करून, सेवा बंद झाल्यावर शांततामय निदर्शनांपेक्षा हिंसक घटनाच वाढतात, असे प्रतिपादन केले (२०१९). खरी बातमी थांबली की तोंडी अफवेला मोकळे रान मिळते, हे १८९६ च्या मुंबईनेही पाहिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमणे, जलदगती न्यायालये, बळींच्या कुटुंबांना भरपाई इ. निर्देश दिले व जमावाच्या हत्येसाठी स्वतंत्र गुन्हा निर्माण करण्याची शिफारस संसदेला केली. मणिपूरने त्याच वर्षी असा कायदा केला, राजस्थान, प. बंगाल व झारखंड यांच्या विधानसभांनीही विधेयके संमत केली. राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्या कलम १०३ (२) नुसार पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अथवा तत्सम अन्य कारणावरून केलेल्या खुनास मृत्युदंड वा जन्मठेपेची शिक्षा आहे. परमुलखातून आलेला, ओळख नसलेला व भिक्षेची झोळी अडकविलेला माणूस केवळ अफवेवरून मारला गेल्यास ते कारण ‘तत्सम’ या शब्दात बसते काय, हे न्यायालयांच्या अर्थनिर्णयावर अवलंबून राहील.